टँकरवरचा गेम अर्धा झालाय, पण खेळताना काहीच वाटंना. सोडू का पुरा करू?

खेप_औसा

नमस्कार मंडळी, औशाकडून लिहायलो, लातूर जिल्हा. माझं ई-सेवा केंद्र आहे, दिवसभर उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पीक विम्याचे फॉर्म, आणि रात्री शटर ओढलं की त्याच पीसीवर गोडो (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) उघडून गेम करत बसायचं असं बरेच दिवस चाललंय. शिकलो ते यूट्यूब आणि गोडोच्या डॉक्युमेंटेशनवरून, कोर्स वगैरे काही नाही.

गेम असाय. उन्हाळा, दुष्काळ, तुमच्या ताब्यात एक टँकर. वरून दिसणारा टूडी नकाशा, त्यावर पाच गावं आणि एक भरायची जागा. टँकर चालवत न्यायचा, भरायचा, गावच्या विहिरीत रिकामा करायचा, परत यायचं, पुढची खेप. प्रत्येक गावावर पाण्याची पट्टी आहे, ती संपली की गाव लाल होतं. पाऊस येईपर्यंत गावं टिकवली की तुम्ही जिंकलात.

हे डोक्यात आलं ते 2016 मुळं. मांजरा धरण आटलं होतं, लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, 12 एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती गाडी देशभर टीव्हीवर दिसली. पण खेड्यापाड्यात रेल्वे कशी येणार, तिथं टँकरच होता, आणि टँकर कुठं आधी जाणार, कुठं नंतर, कुठं जाणारच नाही हे कुणीतरी बसून ठरवत होतं. मला ते दाखवायचं होतं. पाणी नाही हे सगळ्यांना माहितीय, आहे तेवढं वाटायचं कसं ह्यावर कुणी बोलत नाही.

आता अडचण. पुतण्याला खेळायला दिला. त्यानं पहिलं गाव, दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं, परत पहिलं, असा गोल धरला आणि एकही गाव लाल न होता गेम संपवला, मग म्हणला काका पुढं काय. मी ऊन वाढवलं, पाणी लवकर संपायला लावलं, तरी तो गोलच फिरत राहिला, फक्त ह्यावेळी हरला. मग रस्ता खराब केला, पंक्चर टाकलं, डिझेल टाकलं, भरायच्या जागी लाईट जाते ते टाकलं. काम वाढलं, मजा काही वाढली नाही. मी स्वतः खेळतो तेव्हा पण टँकर एका गावाहून दुसऱ्या गावाला जाईपर्यंत नुसतं बघत बसतो.

वरून मराठी अक्षरांचा त्रास. पीसी जुना म्हणून गोडो 3 वर सुरू केलं, तिथं वेलांटी भलतीकडं जाते, जोडाक्षरं फुटतात. म्हणून सगळा मजकूर इंकस्केपमधे लिहून चित्र म्हणून चिकटवलाय. एक वाक्य बदलायचं म्हणलं तरी परत चित्र काढा, परत टाका.

मित्र म्हणतो सोड, ते धावायचे उड्या मारायचे गेम असतात तसला सोपा काहीतरी कर, लोक खेळतील तरी. मला कळंना. सोडला तर डोक्यातून जाणार नाही. आणि पुरा केला तर असा गेम लोकांपुढं ठेवायला मन होत नाही कारण विषय हलका नाही, ज्यांनी ते दिवस काढले त्यांनी उघडला आणि दोन मिनिटात बंद केला तर मला ते लागेल. तुमच्यापैकी कुणी अशा जागी थांबला असाल तर सांगा, कसं ठरवलं.

पूर्णाकाठ

दादा, मी परभणीचा, सध्या पुण्यात एका मोबाईल गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. तुमची पोस्ट दोनदा वाचली. सोडायचं का पुरा करायचं हे आज ठरवू नका, कारण तुम्ही जो बनवलाय तो तुम्हाला बनवायचाच नव्हता. तुम्हीच लिहिलंय, वाटायचं कसं ते दाखवायचंय. पण गेममधे खेळणारा वाटत नाही, गाडी चालवतो. ठरवायचा क्षण किती, तर पुढच्या गावावर बोट टेकवण्याएवढा, बाकी सगळा वेळ रस्त्यात. पुतण्याचा काही दोष नाही, पाची गावं सारखी असतील तर गोल फिरणं हेच बरोबर उत्तर आहे आणि ते त्याला पहिल्यांदाच सापडलं. पंक्चर आणि डिझेल टाकून त्या उत्तराला उशीर होतो, उत्तर बदलत नाही.

आता हिशोब बघा. टँकरच्या पाण्याचा सरकारी हिशोब माणशी दिवसाला 20 लिटरचा असतो. टँकर 12 हजार लिटरचा धरा. म्हणजे 600 माणसांच्या गावाला बरोबर एक खेप. 900 च्या गावाला दीड. 1500 च्या गावाला अडीच. तीन गावं मिळून पाच खेपा लागतात, आणि दिवसाला चारच होतात असं ठेवा. झालं, आता गोल फिरून भागणार नाही, कारण प्रश्न त्या अर्ध्या खेपेत आहे. अर्धा टँकर मोठ्या गावात ओतून उरलेला छोट्या गावाला न्यायचा का? मोठ्या गावाला आज एक खेप कमी करायची का? गावाला तांडा जोडा, एक किलोमीटर लांब, तिथं वेगळी विहीर, कागदावर मात्र गाव आणि तांडा एकच. गावात टँकर रिकामा करताना तांड्यासाठी किती ठेवायचं हे खेळणाऱ्याला दर वेळी ठरवावं लागेल, आणि आपल्याकडं ते खरंच कसं होतं हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

गाडी चालवणं पूर्ण काढा. एक चाल म्हणजे एक आठवडा. होळीपासून मृगापर्यंत साधारण बारा-चौदा चाली होतात, तेवढ्यात एक डाव. आणि कोडला हात लावायच्या आधी हे वहीवर खेळा. आगपेटीच्या काड्या घ्या, एक काडी म्हणजे अर्धी खेप, तीन गावं कागदावर लिहा, पुतण्याला बसवा. वहीवर तो विचार करायला थांबला तर गेम आहे. वहीवर पण गोल फिरला तर मग खुशाल सोडा, वाईट वाटून घेऊ नका.

एक प्रश्न मात्र तुम्हालाच सोडवायचाय. गाव लाल होतं म्हणजे नक्की काय होतं?

बालाघाट_बीड

माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून सांगतो. सोडा.

मी ऊसतोडीवर गेम करत होतो. टोळी, मुकादम, उचल (मुकादमाकडून आधी घेतलेले पैसे), फड, गाडी भरायची, पहाटे उठायचं, सगळं होतं त्यात, आणि चालत पण होता, बग नव्हते फार. तरी बंद केला आणि बरं केलं असंच मला आजही वाटतं. कारण गेम म्हणलं की खेळणाऱ्याला जिंकता आलं पाहिजे. माझ्या गेममधे हुशार खेळणाऱ्याची उचल फिटायची. आमच्या गावात हुशार माणसांची पण फिटत नाही, त्यात हुशारीचा संबंधच नाही. जिंकता येऊ नये असं केलं तर लोक म्हणायचे गेम अवघड केलाय, सोपा करा. म्हणजे मी कुठूनही गेलो तरी खोटंच सांगत होतो. शेवटी रेकॉर्डर घेऊन गावातल्या बायांच्या, म्हाताऱ्यांच्या गोष्टी रेकॉर्ड केल्या, त्या कारखान्यावर कशा राहायच्या, लेकरं कुठं ठेवायच्या. ते काम मला जे सांगायचं होतं त्याच्या जवळ गेलं. कोड पण वाया गेला नाही, सेव्ह करायची सिस्टीम आणि मेनू मी नंतर दुसऱ्या गेममधे जसाच्या तसा वापरला.

अजून एक. अशा चर्चेत कुणीतरी स्टारड्यू व्हॅली ह्या शेतीच्या गेमचं नाव घेतंच, एकट्या माणसानं चार-साडेचार वर्षं बसून केला आणि 2016 ला आला, मग आपण का सोडायचं. ते खरंय, पण तो माणूस दिवसाचे दहा-दहा तास त्याला द्यायचा. तुमच्याकडं शटर ओढल्यानंतरची रात्र आहे, आणि सकाळी परत लोकांची रांग. आजवर किती रात्री घातल्या त्याचा विचार करू नका, त्या गेल्या. उद्याची रात्र कशात घालायची तेवढं बघा. तुम्हाला दुष्काळाचं सांगायचंय ना? मग ते गेमनंच सांगायला पाहिजे असं काही नाही.

पूर्णाकाठ

बालाघाट भाऊ, तुमचं जिंकण्याबद्दलचं म्हणणं पटतं, पण त्यावर वाट आहे. पेपर्स प्लीज नावाचा गेम 2013 ला आला, तो पण एकाच माणसानं केलेला. सरहद्दीवरच्या चौकीत बसून लोकांचे कागद तपासायचे, शिक्का मारायचा, एवढंच. काम कंटाळवाणं आहे, रांग संपत नाही, पगारात घर भागत नाही. तरी लोक जीव लावून खेळले कारण प्रत्येक माणसाच्या वेळी काहीतरी ठरवायचं असतं आणि ते नंतर टोचतं. त्यात जिंकलो असं फारसं वाटतच नाही. दिस वॉर ऑफ माइन पण तसाच, वेढ्यात अडकलेल्या शहरातली साधी माणसं. म्हणजे गेममधे दुःख खोटंच होतं असं नाही, आपण मोजायला काय ठेवतो त्यावर आहे. दादांनी पाण्याची पट्टी मोजायला ठेवली म्हणून तो पट्टी भरायचा गेम झाला.

बालाघाट_बीड

पेपर्स प्लीज मी खेळलोय, चांगला आहे. पण त्यातला देश काल्पनिक आहे भाऊ. इथं औसा आहे, निलंगा आहे, खरी गावं, खरी माणसं अजून तिथंच राहतात. चुकीचं दाखवलं तर दादांना त्या लोकांना उत्तर द्यावं लागणार. एवढाच माझा मुद्दा.

घागर

मी लातूर शहरातली, 2016 ला कॉलेजात होते. तिघांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, मला गेममधलं काही कळत नाही.

दादा, तुमच्या गेममधे माणसंच नाहीत. पट्टी आहे, टँकर आहे, विहीर आहे. त्या वेळी मार्चमधे लातुरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावली होती, 144 कलम, का? तर टँकर भरायच्या जागी आणि टाक्यांवर भांडणं होतील म्हणून. पाणी म्हणलं की माणसं आलीच. आणि आमच्या घरात पाणी किती आलं त्यापेक्षा ते कधी येणार हे कळायचं नाही ह्याचा त्रास जास्त होता. गल्लीत टँकर आज येणार म्हणायचे, दारात ड्रम लावून ठेवायचे, कुणीतरी एक जण घरी थांबलंच पाहिजे, आणि ते कुणीतरी म्हणजे आई नाहीतर मी. बाबांना ड्युटी, भावाची परीक्षा, माझी पण परीक्षा होती पण ते कुणी धरायचं नाही. टँकर आलाच नाही तर तो दिवस गेला. रात्री दोन वाजता आला तर रात्री दोनला उठायचं. भांडी धुतलेलं पाणी बादलीत, ते संडासला. आजोळी खेड्यात तर टँकर विहिरीत पाणी सोडायचा, मग ते दोरानं शेंदून काढायचं, आणि सगळ्या एकदम पोहरे टाकायच्या म्हणून दोर दोरात अडकायचे. माझ्या मामीचा हात तिथंच सोलून निघाला होता.

म्हणून पूर्णाकाठ, तुम्ही ते 20 लिटर आणि दीड खेप लिहिलंत ते हिशोबाला ठीक आहे, पण ते ऑफिसातून दिसणारं पाणी आहे. दारात बसलेल्या बाईला खेप दिसत नाही, तिला वाट बघणं दिसतं. दादा, गेम सोडू नका असं मला वाटतं, कारण रेल्वे सगळ्यांच्या लक्षात आहे आणि वाट बघणारं कुणाच्याच लक्षात नाही. पण त्यात डोक्यावर हंडा घेतलेली बाई चित्र म्हणून काढून ठेवू नका, ते फार बघून झालंय, प्रत्येक बातमीत तेच असायचं.

आणि ते लाल झाल्यावर काय होतं विचारलं ना, ते मी सांगते. गाव मरत नाही. जनावरं बाजाराला जातात आणि मिळेल त्या भावात विकली जातात. लेकरं पाहुण्यांकडं जातात. तरणी माणसं पुण्याला जातात आणि त्यातली काही पाऊस आला तरी परत येत नाहीत. बाकीचं गाव तसंच असतं, फक्त कमी असतं.

पूर्णाकाठ

ताई, गेमचं कळत नाही म्हणालात पण आख्खा गेम तुम्ही सांगितलात. दादा, लाल रंग काढा. ज्या आठवड्यात पाणी कमी पडलं त्या आठवड्यात गावातून काहीतरी जाऊ दे, आधी जनावरं, मग लेकरं, मग माणसं, आणि पाऊस आल्यावर सगळं परत येऊ देऊ नका. म्हणजे बालाघाट भाऊंचा जिंकण्याचा मुद्दा पण सुटतो, शेवटी जिंकलात हरलात काही लिहायचंच नाही, गावात कोण उरलं तेवढं दाखवायचं.

आणि वाट बघण्याचं असं करता येईल. खेळणाऱ्यानं खेपा ठरवल्या की गावांना वार सांगायचा. मंगळवारी येतो म्हणून सांगितलं आणि मंगळवारी गेला नाही, तर त्या गावातला एक दिवस बुडाला, मजुरी बुडाली, शाळा बुडाली. दोनदा असं झालं की गाव तुमच्यावर विसंबत नाही, लांबच्या शेतातल्या विहिरीवर जायला लागतं. वार सांगितलाच नाही तर रोज कुणीतरी घरी थांबतं, ते अजून महाग. म्हणजे पाण्याबरोबर शब्द पण वाटायचा. मला हे फार आवडलंय, तुम्ही नाही केला तर मी करीन असं वाटायलंय, पण तुम्ही करा.

मुखेड_पेंग्विन

तांत्रिक बाजू कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. जरा लांबलचक आहे, वाचा.

गोडो 3 मधे मराठी नीट दिसत नाही ह्यात तुमचं काही चुकलेलं नाही, त्यात जोडाक्षरं आणि वेलांट्या जुळवायची सोयच नव्हती. गोडो 4 मार्च 2023 ला आलं तेव्हा अक्षरं मांडायची सगळी व्यवस्था नवीन लिहिली गेली, आत अक्षरं जुळवणारं हार्फबझ आहे, देवनागरी व्यवस्थित दिसते, क्ष ज्ञ श्र र्‍या सगळं. लेबलमधे थेट मराठी लिहा, चित्रं फेकून द्या. फक्त फॉन्ट प्रोजेक्टमधेच टाका, मुक्ता घ्या नाहीतर नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फुकट आहेत आणि गेममधे वापरायला परवानगी आहे. पीसीवर फॉन्ट न टाकता पण दिसेल कारण तिथं तो सिस्टीमचा उचलतो, पण ब्राउजरमधे गेम चालवला की चौकोन दिसतील, आणि मग दोन दिवस कळत नाही काय झालंय.

आता जुना प्रोजेक्ट 4 मधे न्यायचा का? सगळे सांगत आहेत तसं गाडी चालवणं काढणार असाल तर नेऊच नका. बदलून द्यायचं टूल आहे गोडोमधेच पण ते सगळं बदलत नाही, कायनेमॅटिकबॉडीचं कॅरेक्टरबॉडी झालंय, मूव्ह अँड स्लाईड वेगळं चालतं, यील्डच्या जागी अवेट आलंय, टाईलमॅप तर 4.3 पासून अजून वेगळं झालंय. पण ह्यातलं जवळजवळ सगळं गाडी आणि नकाशाशी संबंधित आहे, आणि तेच तुम्ही काढताय. नवीन प्रोजेक्ट उघडा, गावांची माहिती आणि हिशोबाच्या स्क्रिप्ट तेवढ्या आणा, बाकी सगळं बटणं आणि लेबलं. हा गेम म्हणजे जवळजवळ एक फॉर्म आहे, आणि ई-सेवा चालवणाऱ्याला फॉर्म नवीन नाहीत.

पीसी जुना म्हणालात तर प्रोजेक्ट करताना रेंडरर (चित्र पडद्यावर काढणारा भाग) कम्पॅटिबिलिटी निवडा, बाकीचे दोन व्हल्कनसारखी नवीन ग्राफिक्सची सोय मागतात. कम्पॅटिबिलिटीला ओपनजीएल 3.3 पुरतं. ते पण चालत नसेल तर मग गोडो 3 वरच राहावं लागेल, आधी नुसतं उघडून बघा.

लोकांपर्यंत न्यायला प्ले स्टोअरच्या मागं लागू नका इतक्यात. 25 डॉलर एकदाच भरायचे ते ठीक आहे, पण नवीन वैयक्तिक खात्याला बारा जणांनी सलग 14 दिवस टेस्टिंग केल्याशिवाय गेम सगळ्यांसाठी सोडता येत नाही, आधी तर वीस जण लागायचे. शिवाय दर वर्षी नवीन अँड्रॉइडसाठी अपडेट करत राहायचं. छंदाच्या गेमला ते ओझं आहे. इच डॉट आयओ ह्या गेमच्या साईटवर वेबचा झिप टाका, फुकट आहे, लिंक व्हॉट्सॲपवर गेली की कुणीही उघडेल. 4.3 पासून थ्रेड बंद ठेवून वेब एक्स्पोर्ट करता येतो, त्यामुळं पूर्वीसारखी सर्व्हरच्या सेटिंगची कटकट राहिली नाही.

खेप_औसा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काल केंद्र बंद झाल्यावर वहीवर खेळलो. काड्या घेतल्या, तीन गावं आणि एक तांडा. पुतण्याला वाटलं अभ्यासाचं काहीतरी आहे, बसायला तयार नव्हता. पहिल्या दोन आठवड्यात तो परत गोलच फिरायला बघत होता, मोठ्या गावाला दोन, मधल्याला एक, छोट्याला एक. मग मी मोठ्या गावची जनावरं विकली गेली म्हणून सांगितलं, तेव्हा थांबला. म्हणला तांड्याला आज नाही दिलं तर पुढच्या आठवड्यात जास्त मागतील का? मला उत्तर माहितीच नव्हतं, मी ते ठरवलंच नव्हतं. मग आम्ही दोघं त्यावर भांडत बसलो, तो म्हणतो जास्त मागतील, मी म्हणतो मागणार नाहीत, ते मागणं सोडून देतील आणि निघून जातील. वहिनी चहा घेऊन आली, तिनं ऐकलं आणि ती पण बसली. ती म्हणली तांड्यावरच्या बाया गावच्या विहिरीवर येतील आणि गावचं पाणी पण कमी पडेल, तुम्ही दोघं कुठल्या जगात आहात. ते बरोबर आहे, ते गेममधे येणार.

म्हणजे टँकर चालवायचा गेम मी सोडला. ते रस्ते, ते पंक्चर, टाईलसेट बनवायला केवढा वेळ गेला होता, झाडं सुद्धा बाभळ आणि लिंब वेगवेगळी काढली होती, ते सगळं फोल्डरमधे तसंच ठेवतो. बालाघाट भाऊ, तुमचं सोडा म्हणणं मला त्याच्यासाठी लागू पडलं. पण वाटपाचा करणार. खऱ्या गावांची नावं मात्र ठेवणार नाही, तुमचा तो मुद्दा मला रात्रभर टोचत होता. 600 चं गाव, 900 चं गाव, एवढंच लिहीन.

वार सांगायचं ते घेतलं. ताई, दारात थांबणारं माणूस कसं दाखवायचं ते अजून सुचत नाही. सध्या असं ठरवलंय की गावाला वार सांगितला की त्या गावातल्या एका घरातल्या एका माणसाचं काम त्या दिवशी कोऱ्या जागेसारखं दिसेल, परीक्षा, मजुरी, दवाखाना, जे असेल ते, आणि टँकर आला नाही तर ते कोरंच राहील. चित्र नाही, नुसता मजकूर. गोडो 4 कम्पॅटिबिलिटीवर उघडलं, चालायलंय, पंखा जोरात फिरतो पण चालायलंय. आणि मराठी एकदम नीट दिसली, मी पहिलं लेबल दुष्काळ असंच लिहिलं.

येळवशीपर्यंत खेळण्यासारखा करायचाय. मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडं सगळे पाहुणे शेतावर येतात, पुण्या-मुंबईचे पण, त्यात 2016 ला गाव सोडून गेलेले दोन घरचे पण असतात. त्यांना द्यायचा. पण शेतात रेंज येत नाही, वेबची लिंक उघडणार नाही. पेंग्विन भाऊ, फोनमधे थेट टाकता येतो का, प्ले स्टोअर न करता?

बालाघाट_बीड

खऱ्या गावांची नावं काढणार हे वाचून बरं वाटलं. त्या वेळी गाव सोडून गेलेल्या लोकांना आधी खेळू द्या आणि त्यांनी हे असं नव्हतं म्हणलं तर ते लिहून घ्या. मला पण पाठवा, मी खेळीन.

घागर

मजकूर चालेल. पण एक करा, परीक्षा असं नुसतं लिहू नका, कुणाची ते लिहा. मुलाची परीक्षा असेल तर घरी बहीण थांबते. मुलीची परीक्षा असेल तरी बहुतेक वेळा तीच थांबते. हे गेमनं आपोआप निवडलं पाहिजे, खेळणाऱ्याला विचारायचं नाही, कारण आम्हाला पण कुणी विचारलं नव्हतं. आणि आईच्या फोनवर चालेल का हा? तिचा फोन जुना आहे, पण तिला मी दाखवणारच आहे.

मुखेड_पेंग्विन

टाकता येतो. अँड्रॉइडचं ॲप बनवायला लागतात ते अँड्रॉइड एसडीके आणि ओपनजेडीके 17 टाकून घ्या, गोडोच्या एडिटर सेटिंगमधे दोन्हीचे पत्ते द्या, मग एक्स्पोर्टमधून डीबगची एपीके (ॲपची फाईल) काढा. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली तरी जाते, फोन अनोळखी ॲपची परवानगी मागेल ती द्यायची. शेतावर निघायच्या आधी घरीच सगळ्यांच्या फोनमधे टाकून एकदा उघडून बघा, चालताना नेट लागत नाही. ताई, कम्पॅटिबिलिटीवर केलेला गेम असल्यामुळं ओपनजीएल ईएस 3 असलेला फोन पुरतो, आईच्या फोनचं मॉडेल इथं टाका, बघून सांगतो.